अद्भुतरम्य प्रेमकादंबरीविषयी वाचकाचे मत : ‘चंद्रकांता’च्या आधारे

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.

• ‘मला कादंबरी आवडली’ आणि ‘ही कादंबरी चांगली आहे’ या दोन विधानांतील फरक सांगता येईल.
• अद्भुतरम्य प्रेमकथेकडून कोणत्या अपेक्षा ठेवाव्यात आणि कोणत्या ठेवू नयेत, हे ठरवता येईल.
• देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ या हिंदी कादंबरीविषयी कारणांसह स्वतःचे मत मांडता येईल.
• लोकप्रिय साहित्याविषयी समीक्षकाने दिलेला निर्णय तपासून पाहता येईल.

१. प्रस्तावना

महाविद्यालयात येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांची वाचनाची दोन कपाटे असतात. एका कपाटात अभ्यासक्रमाला लावलेली पुस्तके असतात. दुसऱ्यात आपण रात्री जागून वाचलेली, मैत्रिणीकडून मागून आणलेली, भाग संपला की पुढचा कधी मिळेल म्हणून वाट पाहिलेली पुस्तके असतात. राजपुत्र, राजकन्या, जादू, शाप, सुटका आणि शेवटी मीलन असा मजकूर असलेली कादंबरी बहुधा दुसऱ्या कपाटातली असते. वर्गात तिच्याविषयी बोलायची वेळ आली की आपण थोडे ओशाळतो आणि ‘टाइमपास म्हणून वाचली’ असे म्हणून विषय संपवतो.

या उत्तरात एक अडचण आहे. ज्या पुस्तकाने आपले पाचसहा दिवस पूर्णपणे व्यापले, त्याच्याविषयी आपल्याकडे बोलायला काहीच नाही, असे कसे होईल? बोलायला पुष्कळ असते. फक्त ते कोणत्या शब्दांत आणि कोणत्या क्रमाने मांडायचे, हे शिकवलेले नसते. प्रस्तुत पाठात आपण हे काम एका प्रत्यक्ष कादंबरीवर करून पाहणार आहोत.

त्यासाठी ‘चंद्रकांता’ निवडण्याचे कारण सोपे आहे. ही भारतीय भाषांतील अत्यंत लोकप्रिय अद्भुतरम्य प्रेमकादंबऱ्यांपैकी एक आहे. ती प्रसिद्ध होऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली आहेत आणि तिच्याविषयी परस्परविरोधी मते आजही मांडली जातात. एक सूचना आधीच करून ठेवतो : पुढील विवेचनात कादंबरीतील रहस्ये उघड होणार आहेत. ज्यांना ती स्वतः वाचून उलगडायची आहेत, त्यांनी आधी कादंबरी वाचावी आणि मग या पाठाकडे यावे.

२. लेखक आणि कादंबरी

देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांचा जन्म बिहारमध्ये झाला आणि त्यांच्या आयुष्याचा महत्त्वाचा काळ बनारसमध्ये गेला. चकिया आणि नौगढ परिसरातील जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता. त्या निमित्ताने डोंगर, दऱ्या, ओसाड गढ्या आणि पडके किल्ले त्यांनी जवळून पाहिले. ‘चंद्रकांता’मधील भुयारे, तळघरे आणि भग्न वास्तू या भटकंतीतून आल्या, असे सामान्यतः मानले जाते. पुढे त्यांनी बनारसमध्ये लहरी प्रेस हा स्वतःचा छापखाना काढला.

‘चंद्रकांता’च्या प्रकाशनाचे वर्ष साधारणपणे १८८८ असे दिले जाते. कादंबरीचे चार भाग आहेत. तिला मिळालेल्या प्रतिसादानंतर खत्रींनी ‘चंद्रकांता संतति’ ही चोवीस भागांची कादंबरी लिहिली. तिच्यातील भूतनाथ हे पात्र इतके वाढले की त्याच्या नावाची स्वतंत्र कादंबरी त्यांनी सुरू केली. ती अपुरी राहिली आणि त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी ती पूर्ण केली.

कथानक थोडक्यात असे आहे. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांचे एकमेकांवर प्रेम आहे. विजयगढच्या वजिराचा मुलगा क्रूरसिंह याला चंद्रकांता हवी आहे आणि तिच्याबरोबर राज्यही हवे आहे. आपला डाव फसतो आहे असे दिसताच तो चुनारच्या शिवदत्त राजाचा आश्रय घेतो. मग दोन्ही पक्षांचे ऐयार कामाला लागतात. ऐयार म्हणजे वेश पालटणारा, हेरगिरी करणारा, बेशुद्धीची पूड, दोर आणि बटवा बाळगणारा तरबेज सेवक. वीरेंद्रसिंहाचा जिवलग मित्र तेजसिंह हा ऐयार आहे. चंद्रकांतेच्या सख्या चपला आणि चंपा यांनाही ऐयारी येते. पुढे चंद्रकांता आणि चपला एका तिलिस्ममध्ये अडकतात. तिलिस्म म्हणजे गुप्त खजिना राखण्यासाठी बांधलेली, कळा-यंत्रांनी भरलेली चक्रव्यूहासारखी वास्तू. वीरेंद्रसिंह ती तोडतो आणि शेवटी दोघांचे लग्न होते.

३. प्रकार ओळखणे : वाचकाशी झालेला करार

कोणत्याही पुस्तकावर मत देण्याआधी ते कोणत्या प्रकारचे आहे, हे ओळखावे लागते. भेळेच्या गाडीवर जाऊन ‘इथे वरण-भात मिळत नाही’ अशी तक्रार कोणी करत नाही. साहित्यात मात्र ही चूक वारंवार होते. अद्भुतरम्य कादंबरी हातात घेऊन ‘हे प्रत्यक्षात घडत नाही’ असे म्हणणे ही त्याच जातीची तक्रार आहे.

प्रत्येक साहित्यप्रकार वाचकाशी एक अलिखित करार करतो. वास्तववादी कादंबरी म्हणते : मी तुला तुझ्या आजूबाजूचे जग दाखवीन. अद्भुतरम्य प्रेमकादंबरी एकाच वेळी दोन करार करते.

(अ) अद्भुताचा करार : मी तुला एका वेगळ्या जगात नेईन. त्या जगाचे नियम वेगळे असतील, पण नियम असतील.

(ब) प्रेमाचा करार : मी तुझ्यासमोर दोन माणसे ठेवीन. त्यांनी एकत्र यावे असे तुला मनापासून वाटेल. त्यांच्या वाटेत अडथळे असतील आणि ते अडथळे पार होण्याला काही अर्थ असेल.

मत देताना हे दोन्ही करार वेगवेगळे तपासावेत. एखादी कादंबरी पहिला उत्तम पाळते आणि दुसऱ्यात कमी पडते, असे अनेकदा होते. ‘कादंबरी ठीक आहे’ अशा मोघम शेऱ्यात हा फरक बुडून जातो.

४. मताचे तीन थर

वाचकाच्या मतात सामान्यतः तीन गोष्टी मिसळलेल्या असतात.

पहिला थर आवडीचा. ‘मला खिळवून ठेवले’, ‘मला कंटाळा आला.’ हे विधान वाचकाविषयी आहे. ते खोटे ठरवता येत नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही.

दुसरा थर वर्णनाचा. ‘या कादंबरीत प्रकरणे लहान आहेत आणि बहुतेक ठिकाणी प्रकरण संपताना नवा पेच उभा राहतो.’ हे विधान पुस्तकाविषयी आहे. पुस्तक उघडून ते पडताळता येते.

तिसरा थर मूल्यमापनाचा. ‘या रचनेमुळे उत्कंठा टिकते, पण पात्रांच्या मनात थांबायला लेखकाला वेळ मिळत नाही.’ येथे वर्णनातून निष्कर्ष काढला आहे. त्याच्याशी कोणी असहमत होऊ शकेल, मात्र त्यालाही कारण द्यावे लागेल.

चांगले मत पहिल्या थरापासून सुरू होते, दुसऱ्यातून जाते आणि तिसऱ्यापर्यंत पोहोचते. विद्यार्थी बहुधा पहिल्यावरून एकदम तिसऱ्यावर उडी मारतात : ‘मला आवडली, म्हणून ती श्रेष्ठ आहे.’ काही समीक्षक उलट करतात. पहिला थर लपवतात आणि आपल्याला आलेला कंटाळा सिद्धान्ताच्या भाषेत मांडतात. या दोन्ही टोकांपासून सावध राहावे.

५. अद्भुताची कसोटी : नियम पाळले का?

आता ‘चंद्रकांता’कडे वळू. ऐयारी आणि तिलिस्म या दोन्ही कल्पना खत्रींनी शून्यातून निर्माण केलेल्या नाहीत. फारसी आणि उर्दूतील दास्तानांची मोठी परंपरा त्यांच्यासमोर होती. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ ही प्रचंड दास्तान लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून खंडशः छापायला सुरुवात केली होती. म्हणजे ‘चंद्रकांता’च्या अवघी काही वर्षे आधी.

पण खत्रींनी एक महत्त्वाचा बदल केला. दास्तानीत तिलिस्म जादूगारांच्या मंत्राने बांधला जातो. खत्रींच्या तिलिस्ममध्ये मंत्राची जागा प्रामुख्याने यंत्राने घेतली आहे : कळ दाबली की दार उघडते, चाक फिरले की पायरी सरकते, मसाल्याच्या वासाने माणूस बेशुद्ध पडतो. दगडी बगळा माणसाला गिळतो, हे दृश्य प्रथम चमत्कारासारखेच वाटते. परंतु अशा गोष्टींमागे कारागिरी आहे आणि ती कधीतरी उलगडेल, असा विश्वास ही कादंबरी वाचकाला देते. म्हणून तिचा वाचक फक्त थक्क होत नाही, तो अंदाजही बांधतो. समोर आलेला फकीर खरा की कोणी ऐयार? ही दासी खरी की वेश पालटून आलेली? असे प्रश्न त्याच्या मनात सतत जागे असतात.

ऐयारांचेही नियम आहेत. शत्रूचा ऐयार हाती लागला तर त्याला कैद करावे, ठार मारू नये, असा संकेत दोन्ही बाजू मानतात. या एका नियमामुळे कादंबरीचा सगळा स्वभाव ठरतो. पकडलेला ऐयार सुटू शकतो, हरलेला पुन्हा डाव मांडू शकतो, शत्रूच्या हुशारीला दादही देता येते. संघर्षाला खेळाचे रूप येते.

तेव्हा पहिल्या कसोटीवर आपले मत असे बनेल : ‘चंद्रकांता’ने अद्भुताचा करार बऱ्याच अंशी पाळला आहे. येथे एक उणीवही नोंदवावी. वेश पालटण्याची युक्ती इतक्या वेळा वापरली जाते की तिची धार पुढे कमी होते. मित्र मित्राला ओळखत नाही, आणि थोडा रंग व कपडे बदलले की सगळे फसतात, हे पहिल्या भागात आपण आनंदाने मान्य करतो. पुढच्या भागांत लेखकाची सोय अधिक दिसू लागते.

६. प्रेमाची कसोटी : मीलनाला अर्थ आला का?

दुसऱ्या करारात प्रश्न थोडा अवघड होतो. कादंबरी सुरू होते तेव्हा वीरेंद्रसिंह आणि चंद्रकांता आधीच प्रेमात आहेत. प्रेम कसे जडले, एकमेकांत काय दिसले, हे लेखक सविस्तर सांगत बसत नाही. प्रेम येथे गृहीत आहे आणि कथा त्याच्या रक्षणाची आहे. राजकुमार विरहाने व्याकूळ होतो, राजकन्या अश्रू ढाळते. ही चित्रे पारंपरिक आहेत आणि त्यांत या दोन विशिष्ट माणसांचे असे फारसे काही नाही. दुसरा राजकुमार आणि दुसरी राजकन्या तेथे ठेवली तरी बरीचशी वाक्ये तशीच चालतील.

येथपर्यंत आपले मत प्रतिकूल होईल. पण कादंबरीत एक भाग असा आहे, ज्यामुळे हा निर्णय पुन्हा तपासावा लागतो. चंद्रकांता तिलिस्ममध्ये अडकलेली असताना वीरेंद्रसिंहाला एक वनकन्या भेटते. ती गूढ आहे, धीट आहे, आणि तिच्याकडे त्याचे मन ओढले जाते. चंद्रकांतेवरील निष्ठा आणि ही नवी ओढ यांत तो सापडतो. शेवटी कळते की वनकन्या म्हणजे चंद्रकांताच होती. तिला साहाय्य करणारा सिद्धनाथ योगी हाही प्रत्यक्षात तेजसिंहाचे वडील जीतसिंह होते.

हा प्रसंग दोन प्रकारे वाचता येतो. एक वाचन असे : नायकाला एकनिष्ठही ठेवायचे आणि नव्या स्त्रीचे आकर्षणही दाखवायचे, या पेचातून लेखकाने काढलेली ही सोयीची पळवाट आहे. दुसरे वाचन असे : ज्या प्रेमाचा आरंभ कादंबरीने दाखवला नव्हता, तो ती येथे दाखवते. नाव, कुळ, राज्य, राजवाडा या साऱ्या गोष्टी बाजूला केल्यावरही वीरेंद्रसिंह त्याच स्त्रीकडे ओढला जातो. म्हणजे त्याचे प्रेम पदवीवर नव्हते. ऐयारीत वेश पालटण्याचा उपयोग फसवण्यासाठी होतो, येथे मात्र त्यानेच एक सत्य बाहेर येते.

यांपैकी कोणते वाचन बरोबर? मला दुसरे अधिक समाधानकारक वाटते, कारण ते कादंबरीतील मुख्य युक्ती आणि तिची प्रेमकथा यांना एकत्र जोडते. तरीही पहिल्या वाचनाची बाजू कमजोर नाही, कारण वीरेंद्रसिंहाच्या मनातील द्वंद्वावर खत्री फार काळ थांबत नाहीत. तुम्ही तो भाग पुन्हा वाचा आणि स्वतः ठरवा. मात्र जे ठरवाल त्याच्या बाजूने कादंबरीतील किमान दोन प्रसंग दाखवता आले पाहिजेत.

७. स्त्री पात्रे : नाव एकीचे, काम दुसरीचे

कादंबरीचे नाव ‘चंद्रकांता’ आहे. पण सुरुवातीच्या भागांत चंद्रकांता प्रत्यक्ष किती गोष्टी करते? ती वाट पाहते, काळजी करते, पळवली जाते. कथेला पुढे ढकलण्याचे काम चपला करते. ती वेश पालटते, शत्रूचा डाव ओळखते, माणसे पकडते आणि सोडवते. तेजसिंह आणि चपला यांचे एकमेकांवर प्रेम आहे, आणि ते एकाच विद्येत तरबेज असल्याने त्यांच्या नात्यात बरोबरी आहे, थट्टा आहे, एकमेकांच्या कौशल्याचा आदर आहे. मुख्य जोडीपेक्षा ही दुय्यम जोडी अधिक जिवंत वाटते, असे मत अनेक वाचकांचे होऊ शकेल. ते मांडायला काहीच हरकत नाही.

हे मत मांडताना काळाचेही भान ठेवावे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्त्रीशिक्षणावर वाद चालू असताना, उत्तर भारतातील एका लोकप्रिय कादंबरीत स्त्रिया हेरगिरी करतात, पुरुषांवर मात करतात आणि त्याबद्दल त्यांना शिक्षा होत नाही. याला पुरोगामी म्हणण्याची घाई करू नये. ही मुभा सखीला आहे, राजकन्येला नाही, आणि राजकन्येला ती मिळते तेव्हा वनकन्येच्या वेशातच मिळते. ही मर्यादा लक्षात घेतली, तर कादंबरी आणि तिचा काळ या दोन्हींविषयी आपण काहीतरी शिकतो.

८. आजच्या वाचकाला खटकणारी जागा

क्रूरसिंहाच्या बाजूचे दोन ऐयार नाज़िम आणि अहमद हे मुसलमान आहेत. नायकाच्या जवळच्या वर्तुळात मात्र हिंदू ऐयार आहेत. नावांची ही वाटणी आजच्या वाचकाच्या नजरेतून सुटत नाही आणि सुटूही नये. प्रतिपक्षात हिंदूही पुष्कळ आहेत : क्रूरसिंह आणि शिवदत्त हे दोघेही हिंदूच. तरी सुरुवातीलाच उभी केलेली ही मांडणी निरपराध आहे असे म्हणता येणार नाही.

यात एक विरोधाभासही आहे. ऐयार आणि तिलिस्म हे शब्दच अरबी-फारसी मार्गाने आलेले आहेत. ज्या दास्तानांच्या अंगणात ही कादंबरी वाढली, ती उर्दू आणि फारसी कथाकारांनी जोपासलेली होती. कादंबरीची भाषाही संस्कृतप्रचुर नाही, ती लोकांच्या तोंडची, उर्दू शब्द सहज वापरणारी हिंदी आहे. म्हणजे कथेतील पात्रांची विभागणी एक सांगते आणि कथेचे शरीर दुसरेच सांगते.

मत लिहिताना अशी जागा आली की विद्यार्थी दोन टोकांना जातात. काही जण ती गाळतात, कारण पुस्तक आवडलेले असते. काही जण तेवढ्यावरून सगळे पुस्तक बाद करतात. तिसरा मार्ग असा : ती जागा नेमकी दाखवावी, तिचे वजन किती ते सांगावे, आणि तरीही पुस्तकात काय उरते तेही सांगावे. आवडत्या पुस्तकाचा दोष सांगता येणे ही वाचक म्हणून प्रौढ झाल्याची खूण आहे.

९. समीक्षकाचे मत : आचार्य शुक्लांचा निर्णय

हिंदी साहित्याच्या इतिहासलेखनात आचार्य रामचंद्र शुक्ल यांचे स्थान मोठे आहे. त्यांचा ‘हिंदी साहित्य का इतिहास’ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी खत्रींविषयी दुहेरी मत दिले आहे. त्याचा आशय असा : या कादंबऱ्यांचे लक्ष्य केवळ घटनांचे वैचित्र्य आहे, त्यांत रस, भाव किंवा स्वभावचित्रण नाही, म्हणून त्या खऱ्या अर्थाने साहित्याच्या कक्षेत येत नाहीत. परंतु खत्रींनी जेवढे वाचक निर्माण केले तेवढे दुसऱ्या कोणी केले नाहीत, आणि ‘चंद्रकांता’ वाचण्यासाठी कित्येक उर्दू जाणणारे लोक हिंदी शिकले.

या मतातील दुसऱ्या अर्ध्याचे महत्त्व समजण्यासाठी तो काळ आठवावा. त्या वेळच्या वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या मोठ्या भागात, कचेरीची लिपी फारसी होती. नागरीला न्यायालयात परवानगी १९०० मध्ये मिळाली. अशा काळात लोक नोकरीच्या आशेने नव्हे, गोष्ट पुढे काय झाली हे कळावे म्हणून एक लिपी शिकले, ही घटना लहान नाही.

आता पहिला अर्धा तपासू. रस, भाव आणि स्वभावचित्रण ही शुक्लांची कसोटी आहे. ती चुकीची नाही, पण ती एकच कसोटी आहे का? आपण पाचव्या भागात पाहिले की नियमबद्ध अद्भुत रचणे हेही कौशल्य आहे. शिवाय भारतीय काव्यशास्त्राने अद्भुत हा स्वतंत्र रस मानला आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायिभाव सांगितला आहे. त्या दृष्टीने पाहता विस्मय जागवणारी रचना रसहीन कशी, असा प्रश्न विचारता येतो. त्यावर शुक्लांच्या बाजूने उत्तर देता येईल की उत्कंठा म्हणजे विस्मय नव्हे. उत्कंठा उत्तर मिळताच संपते, विस्मय मागे रेंगाळतो. हा वाद खरा आहे, आणि तो ‘चंद्रकांता’ पुन्हा वाचल्याशिवाय मिटणार नाही. दुसऱ्या वाचनात, सगळी रहस्ये माहीत असताना, काय उरते हे पाहावे. चपला-तेजसिंह उरतात, वनकन्या उरते, ऐयारांचा तो संकेत उरतो, असे तुम्हाला वाटले तर शुक्लांशी तुमचा मतभेद आहे आणि त्याला आधारही आहे.

१०. मराठीतील समांतर अनुभव

हा वाद हिंदीपुरता नाही. मराठीत ‘नॉव्हेल’साठी जो शब्द रूढ झाला तो ‘कादंबरी’. हे बाणभट्टाच्या सातव्या शतकातील संस्कृत गद्यकथेचे आणि तिच्या नायिकेचे नाव. त्या कथेत शाप आहेत, पुनर्जन्म आहेत आणि जन्म ओलांडून टिकणारे प्रेम आहे. म्हणजे मराठीने साऱ्या कादंबरीवाङ्मयाला, अगदी शेतकऱ्याच्या कर्जावरील कादंबरीलाही, एका अद्भुतरम्य प्रेमकथेचे नाव दिले आहे.

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचकप्रिय होत्या. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहिला आणि अशा लेखनाची चिकित्सा केली. वाचक एका बाजूला, समीक्षक दुसऱ्या बाजूला, हे चित्र महाराष्ट्रातही होते. तुमच्या भाषेत असा वाद कोणत्या पुस्तकावरून झाला, हे शोधणे हा चांगला अभ्यासविषय होईल.

११. मत लिहिण्याची पद्धत

वरील विवेचनातून एक साधी पद्धत निघते. कोणत्याही अद्भुतरम्य प्रेमकादंबरीवर लिहिताना पुढील क्रम ठेवावा.

(१) प्रथम प्रामाणिकपणे सांगा : वाचताना काय झाले? कोठे पुस्तक खाली ठेववेना, कोठे पाने उलटली?
(२) त्या जागांवर परत जा आणि लेखकाने तेथे काय केले आहे ते पाहा.
(३) अद्भुताचे नियम लिहून काढा. ते कोठे मोडले? मोडले तेव्हा कथेची गरज होती की लेखकाची सोय?
(४) प्रेमिकांची नावे झाकून त्यांचे संवाद वाचा. ही माणसे ओळखू येतात का?
(५) अडथळा बाहेरचा आहे की आतलाही? खलनायक नसता तर या दोघांत काही प्रश्न उरला असता का?
(६) खटकलेली जागा लिहा. तिचे वजन सांगा.
(७) इतरांचे एखादे मत घ्या आणि त्याला कारणासह उत्तर द्या.

ही पद्धत जुन्या पुस्तकांपुरती नाही. सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ (२०१५) किंवा रेबेका यारोस यांची ‘फोर्थ विंग’ (२०२३) या इंग्रजी कादंबऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. त्यांनाही हेच प्रश्न विचारून पाहा. परी-लोकांच्या दरबारात किंवा ड्रॅगनांच्या युद्धविद्यालयात नियम कोण ठरवतो? नायिकेला धोका आणि आकर्षण एकाच माणसाकडून येते, तेव्हा लेखिका त्या दोहोंतील सीमा स्पष्ट ठेवते का? प्रश्न जुने असले तरी उत्तरे नवी मिळतील.

एक सावधगिरी. १९९४ मध्ये दूरदर्शनवर नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ मालिका सुरू झाली आणि ती घरोघरी पोहोचली. तिने मूळ कथेत पुष्कळ बदल केले आहेत. मालिकेवरून कादंबरीविषयी मत देऊ नये आणि कादंबरीवरून मालिकेविषयीही देऊ नये. प्रत्येक कृतीचा करार वेगळा असतो.

१२. समारोप

‘चंद्रकांता’विषयी या पाठात आपण काढलेले मत थोडक्यात असे : अद्भुताची रचना कसदार आहे, तिला नियम आहेत आणि वाचकाच्या बुद्धीला ती कामाला लावते. प्रेमकथा सुरुवातीला साचेबंद आहे, पण वनकन्येच्या प्रसंगात तिला वेगळी खोली मिळण्याची शक्यता निर्माण होते. चपला ही कादंबरीची खरी कर्ती आहे. पात्रांच्या मांडणीत पूर्वग्रहाची एक जागा आहे आणि ती झाकू नये. शुक्लांचे मत आदराने ऐकावे, पण ते शेवटचे मानण्याची सक्ती नाही.

हे मत तुम्ही जसेच्या तसे उत्तरपत्रिकेत उतरवू नका. ते एका वाचकाचे आहे. एका गोष्टीचा हिशेब शुक्लांनीही मान्य केला होता : अभ्यासाच्या धाकाने नव्हे, तर एका गोष्टीच्या ओढीने माणसे वाचायला शिकली. तुम्हाला वाचनाची गोडी ज्या पुस्तकाने लावली, त्याच्याविषयी ओशाळून गप्प बसण्यापेक्षा कारणे देऊन बोलणे, हे त्या पुस्तकाचे देणे आहे असे समजावे.

स्वाध्याय

१. ‘आवड’, ‘वर्णन’ आणि ‘मूल्यमापन’ यांतील फरक तुम्ही वाचलेल्या एका कादंबरीतील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. ‘चंद्रकांता’मधील तिलिस्म आणि दास्तानीतील तिलिस्म यांत कोणता मुख्य फरक आहे? त्यामुळे वाचकाच्या भूमिकेत काय बदल होतो?
३. वनकन्येचा प्रसंग ही पळवाट आहे की प्रेमकथेचा गाभा? दोन प्रसंगांच्या आधारे सुमारे ३०० शब्दांत मत मांडा.
४. ‘लोकप्रिय असणे हा साहित्यगुण आहे का?’ या प्रश्नावर आचार्य शुक्ल यांच्या मताचा विचार करून टिपण लिहा.
५. तुमच्या मातृभाषेतील एखादी अद्भुतरम्य प्रेमकथा निवडा आणि भाग ११ मधील पद्धतीने तिच्याविषयी स्वतःचे मत लिहा.